चहाला लावलेली बारीक जाळी

जळगावात आमच्या थोरल्या भाऊजींचा ठिबकच्या नळ्यांचा कारखाना. वितळलेलं प्लास्टिक तारेच्या जाळीतून गाळून मगच साच्यात जातं. भाऊजींनी एकदा बाजारातली सगळ्यात बारीक जाळी आणली आणि एकावर एक चार थर बसवायला लावले. "माल लोण्यासारखा येईल!" माल कसला येतोय? जाळी तुंबून यंत्रच बंद पडलं. भाऊजी यंत्रावरच्या रऊफवर उखडले, "उद्यापासून येऊ नकोस!" इतकी वर्षं राबलेला माणूस मान खाली घालून घराच्या दारात येऊन उभा राहिला.

बायकांनी कारखान्यात तोंड घालू नये, हा भाऊजींचा कायदा. मी असते तर तिथंच भांडले असते. जाऊबाई माझ्याहून हुशार. त्यांनी त्याच कोऱ्या जाळीचे चार थर कपावर धरले आणि भाऊजींचा चहा गाळायला घेतला. पूड साचली, थेंब थेंब पडू लागला.

"अगं, चहा गाळतेस की केळीला पाणी सोडतेस?" भाऊजी खेकसले.

"जाळी तुमचीच आहे," जाऊबाई म्हणाल्या. "आता सांगा, चहा करणारीला घालवायचं, की जाळी बदलायची?"

भाऊजींनी कपाच्या तळाशी पाहिलं आणि खो खो हसत सुटले.

"रऊफ, आत ये रे बाबा! आधीचीच जाळी लाव, नाहीतर ही मला जन्मभर तहानलेला ठेवील."