आवळ्याएवढं कुराण

फार फार मागे, एका सुलतानाच्या पदरी बुऱ्हानमियाँ नावाचा कातिब होता. कातिब म्हणजे देखण्या अक्षरात कुराण लिहून देणारा, बरं का. पाय पांघरुणात घ्या बघू आधी.

सुलतानाला लढाईच्या निशाणाला बांधायला कुराण हवं होतं. बुऱ्हानमियाँनं तळहाताएवढं लिहिलं. सुलतान म्हणाला, "याहून लहान." मग त्यानं सुपारीच्या डबीएवढं लिहिलं. डोळ्यांना पाण्याच्या धारा लागल्या. आभाळातल्या घारी दिसेनाशा झाल्या. सुलतान म्हणाला, "आवळ्याएवढं कर. बिनचूक झालं की घरी जा. चुकलं, तर पहिल्यापासून."

बिचारा पार थकला होता. उरल्यासुरल्या नजरेनं एकदा लेकीचं, रुकय्याचं तोंड बघावं, एवढंच त्याचं मागणं. मग त्यानं बोरूला मुंगीच्या मिशीएवढं टोक काढलं. श्वास रोखायचा, अक्षर लिहायचं, श्वास सोडायचा. अशी तीन वर्षं गेली.

आणि अगदी शेवटाकडे घोटाळा झाला. कुराणात एक वचन लागोपाठ दोनदा येतं, 'कष्टासोबत सुटका आहे.' थकलेली नजर पहिल्यावरून घसरली ती थेट पुढे. दुसरं राहूनच गेलं. ताडून बघताना त्याला ते कळलं.

कुणाच्या बापाला दिसणार नव्हतं. पण त्याचं मन त्याला खात राहिलं. राहिलेली ओळ समासात लिहायची, अशी कातिबांची रीत. त्यानं ती सोनेरी समासात लिहिली. पण आता बारीक काही दिसेना, म्हणून अक्षरं तांदळाएवढी झाली.

मग दरबारात त्यानं आपणहून सांगितलं, "हुजूर, चुकलो. म्हणाल तर पुन्हा लिहितो. पण मग लेक दिसायची नाही."

सुलतानाच्या कपाळाला आठी पडली. तेवढ्यात त्याची म्हातारी आई म्हणाली, "आण इकडे." तिनं एकेक पान डोळ्यांशी नेलं. सगळं धूसर. मग एका समासाशी ती थांबली आणि तिनं हळूहळू वाचलं, 'कष्टासोबत सुटका आहे.'

"बाळा," ती म्हणाली, "तीन कुराणं लिहवून घेतलीस. या तिसऱ्यातलं मला एवढंच वाचता आलं. तू किती वाचलंस?"

सुलतानानं मान खाली घातली. मग म्हणाला, "मियाँ, घरी जा."

बुऱ्हानमियाँ चालत चालत तिसऱ्या दिवशी गावी पोचला. रुकय्या दारातच होती. अंधुक दिसली, पण दिसली. मग दोघं सुखानं राहिली. पहिले आठ दिवस तर तो नुसता झोपला. तुम्हीही झोपा आता. माझेही डोळे थकले, बाळांनो.