तळ्याअलीकडची हद्द

माणसं मतदान शिकली त्याच्या कितीतरी आधी एका रानात प्राणी खडे टाकून म्होरक्या निवडत. तळ्याकाठचे ससे मात्र पिढ्यानपिढ्या कोल्ह्यांच्या विरोधातच खडा टाकायचे. म्होरक्या कोल्ह्याला ते फार सलायचं.

यंदा त्याने रानाची हद्दच तळ्याच्या अलीकडे ओढली. ससे आपसूक शेजारच्या रानात गेले.

"आता बघू, कोण नको म्हणतंय!" कोल्हा मिशीतल्या मिशीत हसला. खरंच, एकही खडा विरोधात पडला नाही.

उन्हाळ्यात घशाला कोरड पडली, तसा तो तळ्याकडे धावला. वाटेत म्हातारा ससा आडवा आला.

"कोल्होबा, इथलं पाणी प्यायचं तर आमच्या म्होरक्याला विचारावं लागेल."

"कोण रे तुमचा म्होरक्या?"

"लांडगेदादा. तुम्हीच तर आम्हाला त्यांच्या पदरात घातलंत. तळ्यासकट."