मुरवण मागायला गेलेला राजा

एका राज्यात राजाच्या हुकमापेक्षा एक रिवाज मोठा होता, आणि राजाला तेच खुपत होतं.

त्या राज्यात घरोघरी जवाची दारू करीत. मोठ्या भट्ट्या नाहीत, पिंपं नाहीत. घरापुरता एक घडा, चुलीशेजारी. जव भिजवायचे, ओल्या फडक्यात बांधून मोड आणायचे, मोड दाण्याएवढा झाला की उन्हात वाळवायचे. मग जाडसर भरडून बोट सोसेल इतक्या गरम पाण्यात ठेवायचे, गाळायचे, आणि चिराईत टाकून उकळायचे. चिराईत कडू. कडू नसेल तर ती दारू नव्हे, पोरांचं सरबत. सगळं निवलं की त्यात मुरवण घालायचं. मुरवण म्हणजे आधीच्या घड्याच्या तळाशी बसलेला दाट गाळ. दिसायला चिखल, पण जिवंत. तो पडल्याशिवाय फेस येत नाही, आणि फेस आला नाही तर घड्यात नुसता काढा.

आता यातली मेख ऐका. आपल्या घड्याचं मुरवण आपल्या घड्यात घालायचं नाही. दुसऱ्याच्या दारात वाटी घेऊन जायचं, उंबऱ्याबाहेर उभं राहून हाक मारायची, मागायचं. मागणारा वैरी असला तरी त्याला नाही म्हणायचं नाही. आणि आपला घडा तयार झाला की त्यातलं मुरवण देणाऱ्याला स्वतः नेऊन द्यायचं. त्यामुळे एकमेकांचं तोंड न पाहणारे भाऊसुद्धा अधूनमधून एकमेकांच्या उंबऱ्यावर दिसत. शिव्या देत, पण वाटी भरून देत.

राणी मालवतीही वाटी घेऊन जायची. कधी साळ्याच्या दारात, कधी कोळ्याच्या. तिथं बसायची, गप्पा मारायची, हसत परत यायची. राजा दृढकेतू हे गच्चीवरून बघायचा आणि आतून जळायचा. माझी राणी, आणि कोळ्याच्या दारात वाटी पुढं करते!

त्यानं कुंभक नावाच्या मांत्रिकाला बोलावलं.

"काय हवं?" कुंभक म्हणाला.

"कुणाला कुणाच्या दारात जायची गरज पडू नये."

"होईल. माझा मोबदला?"

"सोनं घे."

"सोनं नको. मग लोकांना ज्याची गरज उरणार नाही, ते मला द्या."

"ने," राजा म्हणाला. ते काय, हे त्यानं विचारलं नाही. राजे विचारत नाहीत, तिथंच घोटाळा होतो.

कुंभकानं तांब्याचा एक रांजण उभा केला, राजवाड्याच्या दरवाजाएवढा. शिपायांनी घराघरांतलं मुरवण त्यात ओतलं आणि घडे फोडले. रांजणाला तोटी होती. तोटी फिरवली की दारू यायची, आणि कितीही काढली तरी रांजण भरलेलाच राहायचा. लोक खूष झाले. का होणार नाहीत? जव भरडायला नको, चूल फुंकायला नको, शेजारणीचं तोंड बघायला नको. पहिला पेला कुंभक प्यायला, दुसरा राजा. तिसरा राजानं राणीच्या हातात दिला. तिला नको होता, पण चारचौघांत ती नाही म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्या राज्यात माणसाला माणसाचा आवाज ऐकू येईना.

पाऊस ऐकू येई, कुत्री ऐकू येत, दाराची कडी ऐकू येई. पण समोरचा माणूस बोलला की नुसते ओठ हलत. जो रांजणातलं प्यायला, त्याचा आवाज दुसऱ्या माणसाला बंद. कुंभकानं मोबदला वसूल केला होता: माणसाची हाक. ती गिळूनच तो रांजण भरत होता. कुंभक स्वतः आधी प्यायल्यामुळे त्याचे मंत्रही आता कुणाला ऐकू जात नव्हते, तांब्यालासुद्धा. तो रांजणाच्या सावलीत बसून तोंड हलवत राही. केलेलं त्याला उलटवता येईना.

लिहून का नाही बोलले, असं विचाराल. त्या राज्यात लिहिणं नव्हतं. हातवारे होते. हातवाऱ्यांनी मीठ मागता येतं, दार लाव म्हणून सांगता येतं. काल झोप का लागली नाही, हे सांगता येत नाही. हळूहळू लोकांनी दारं लावून घेतली. राज्य भरलेलं, रस्ते मोकळे.

राणी मात्र बोलत राहिली. खिडकीशी उभी राहून राजाकडे बघत काहीतरी बोलायची. राजा बघत बसायचा. मग राणीचा रंग उतरू लागला. आधी तिची सावली फिकी झाली. मग आरशात ती अर्धीच दिसू लागली. एके सकाळी तिनं समईपुढं हात धरला, तर तळव्यातून ज्योत दिसली.

राजा नदीकाठी जाऊन बसला. तिथं वाळूत एक टिटवी अंड्यांवर बसली होती.

"पाय सांभाळ," टिटवी म्हणाली. "अंडी आहेत."

राजा दचकला. "तुझं बोलणं मला ऐकू आलं!"

"मी नाही प्यायले तुझ्या तोटीचं. पाखरांना तुमचे शाप लागत नाहीत."

"माझी राणी विरत चालली आहे."

"जिला पुष्कळ बोलायचं असतं ती आधी विरते. तुझी पाळी येईल, जरा उशिरा. तुझ्याकडे बोलायला आहेच काय?"

राजानं राग गिळला. "उपाय सांग. नाहीतर घरी येऊन ती काय बोलते तेवढं तरी सांग."

"मी छपराखाली येत नाही, आणि नवराबायकोच्या बोलण्यात चोच घालत नाही. उपाय एकच. तुझ्या हातानं एक घडा कर. त्यावर जिवंत फेस येऊ दे. त्यातला पहिला पेला तिला पाज."

राजा स्वयंपाकघरात शिरला. आचाऱ्यांना हातानंच बाहेर काढलं. पहिल्या खेपेला त्यानं मोड बोटभर वाढू दिले, जव कडवट गवत झाले. ते टाकून पुन्हा भिजवले. फुंकून फुंकून डोळे लाल झाले. कसाबसा काढा झाला, तेव्हा त्यात रांजणाच्या तळाचा गाळ घातला. घडा थंडच राहिला. वर साय धरली, खाली मेलेलं पाणी.

"ते मुरवण मेलंय," राजा पुन्हा नदीकाठी गेला तेव्हा टिटवी म्हणाली. "सगळ्यांचं एकत्र कोंबलंस, कुणाचंच राहिलं नाही."

दुसऱ्या घड्यात राजानं रानातली मोहाची फुलं टाकली. फेस आला! राजा पेला घेऊन धावला. राणीनं घोट घेतला आणि तिचा चेहरा आंबला. आवाज आला नाही. घड्यात नुसता शिरका झाला होता.

"आपोआप आलेलं आपल्याच मर्जीनं वागतं," राजा परत वाळूत आला तेव्हा टिटवी म्हणाली. "रिवाज काय आहे?"

"मागून आणायचं."

"मग?"

"कुणाकडे मागू? सगळे घडे मीच फोडले."

"एक राहिला. गोजरा नावाडीण. तिनं घडा पदराखाली लपवला आणि नदीच्या खालच्या अंगाला, उतारावर निघून गेली. वाटी घे. घोडा नको, मुकुट नको. मी वाट दाखवते, नर अंड्यांवर बसेल."

राजा पायी निघाला. उतारावर पोचला तेव्हा ऊन कलत होतं. नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन झोपड्या, माणूस एकच. पांढऱ्या केसांची एक बाई अलीकडच्या झोपडीतून वाटी घेऊन निघाली, होडीत बसली, वल्हवत पलीकडे गेली. पलीकडच्या झोपडीच्या दारात उभी राहिली आणि तिनं हाक मारली, "अहो, आहे का कुणी घरात? मुरवण द्या!"

थोडा वेळ थांबली. मग स्वतःच आत गेली, आणि आतून म्हणाली, "आले, आले. बसा की. यंदा जरा पातळच झालंय." भरलेली वाटी घेऊन बाहेर आली, होडीत बसली आणि परत अलीकडे आली.

आपलं मुरवण आपल्या घड्यात घालायचं नाही, म्हणून तिनं दोन घरं केली होती. माणूस दुसरं नव्हतंच, ते कुठून करणार?

ती रांजणातलं प्यायली नव्हती. तिचा आवाज राजाला ऐकू आला. तो वाळूत बसला.

"कोण रे तू?" गोजरा म्हणाली.

राजा बोलला. ओठ हलले.

"माशासारखं तोंड काय हलवतोस?"

टिटवी दगडावर उतरली. "हा राजा आहे."

"हा? हा काटकुळा? माझा घडा फोडायला शिपाई धाडले तो?"

"तोच."

मग गोजरानं कंबरेवर हात ठेवले. "मेल्या, तुझ्या तांब्याच्या बोडक्याला आग लागो! माझी मोठी नाव रिकामी पडली काठावर. कुणी कुणाकडे जाईना, मग उतारू कुठले? स्वतःशी बोलून बोलून माझा घसा झिजला. आणि तू आता येतोस, वाटी घेऊन? लाज कुठं गहाण टाकलीस?"

राजाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"एवढ्यात रडतोय? अजून सुरुवातच केली नाही मी."

"शिव्यांनी रडत नाही तो," टिटवी म्हणाली. "त्याच्याशी कुणीतरी बोललं म्हणून रडतोय."

गोजरानं कंबरेवरचे हात काढले. पदरानं तिनं नाक पुसलं. "काय हवंय त्याला?"

"मुरवण. राणी विरत चालली आहे."

"मालवती? ती तर गुणाची बाई." गोजरा म्हणाली. "मग मागू दे त्याला. तुझ्या चोचीनं मागितलेलं मला चालायचं नाही."

"त्याचा आवाज तुला ऐकू येणार नाही."

"ठाऊक आहे मला. मागू दे."

गोजरा झोपडीत गेली आणि दार ओढून घेतलं. राजा उठला, उंबऱ्याबाहेर उभा राहिला. वाटी दोन्ही हातांत धरली. हाक मारली. आवाज नाही. पुन्हा मारली, मानेच्या शिरा फुगल्या, आवाज नाही. तिसऱ्यांदा त्यानं मारली तेव्हा ती राजाची हाक नव्हती, नुसती दारातल्या माणसाची होती. फळीच्या फटीतून गोजरा त्याचं तोंड बघत होती.

"आले, आले," ती म्हणाली.

वाटी भरून देतानाही तिचं तोंड चालूच होतं. "मनगटाला कोमट लागलं की मगच घाल. घड्याचं तोंड घट्ट बांधू नकोस, फुटेल. फुटला तर माझ्या नावानं बोंबलू नकोस. बोंबललास तरी कुणाला ऐकू यायचं म्हणा! आणि परत आणून दे. माणूस पाठवू नकोस."

राजानं वाटी पंच्यानं झाकली आणि छातीशी धरून घरी आणली.

तिसरा घडा त्यानं चुलीशेजारी ठेवला आणि त्याला कान लावून बसला. बराच काळ काही नाही. मग आत बारीक बारीक फुटू लागलं, जणू कुणी दाताखाली चणे फोडतंय. फडकं वर उचललं गेलं. पिवळा फेस कडेवरून ओघळला. त्या वाड्यात पुष्कळ काळानं कुणीतरी काहीतरी बोलत होतं.

दारू निवळली तेव्हा राणी दिसतच नव्हती. खिडकीशी लुगडं उभं होतं, बांगड्या हवेत होत्या. राजानं अंदाजानं पेला वर धरला. पेला कलला, रिकामा होत गेला. आधी गळा दिसला, मग हनुवटी, मग डोळे. राणी पूर्ण दिसू लागली, तिनं ओठ पुसले आणि म्हणाली,

"चिराईत फार झालं."

राजा हसला, काहीतरी म्हणाला. तिला ऐकू आलं नाही. तो स्वतः कुठं प्यायला होता? त्यानं तळाचा घोट घाईनं ओतून घेतला. "हो," तो म्हणाला. "फारच झालं."

"आता कसं ऐकू आलं," राणी म्हणाली.

त्याच वेळी रांजण कोरडा पडला. लोकांनी वर चढून आत डोकावलं. गिळलेल्या हाका तिथं साठल्या असतील असं त्यांना वाटलं होतं. आत हिरवा गंज होता, बाकी काही नाही. राजा मुरवणाचं भांडं घेऊन दरवाजात बसला. लोक वाट्या घेऊन आले आणि आपापल्या चुलींकडे गेले. कुंभारांनी नवे घडे घातले. जिथं जिथं फेस आला, तिथं तिथं माणसं बोलू लागली, आणि पहिल्याच दिवशी भांडलीही. शेवटी कुंभकही वाटी घेऊन आला, मान खाली घालून. नाही म्हणायचं नाही, हा रिवाज. राजानं त्याची वाटी भरली आणि राज्याबाहेरची वाट दाखवली. रांजणाचं तांबं वितळवून लोकांनी वाट्या केल्या.

गोजराचं मुरवण राजानं आपल्या हातानं नेऊन दिलं. तिनं दार उघडायला वेळ लावला. "नीट ऐकू नाही आलं, परत हाक मार," असं आतून म्हणत राहिली. ऐकू पहिल्या हाकेलाच आलं होतं. आता तिच्या नावेला उतारू असतात, आणि पलीकडच्या झोपडीत तिनं शेळी बांधली आहे.

राजाराणी पुढचा घडा लावायला बसले. राणी जव पाखडत होती. राजा म्हणाला, "खिडकीशी उभी राहून तू मला रोज काहीतरी सांगायचीस. काय सांगायचीस?"

राणीचं सूप थांबलं. "पुष्कळ काही."

"ते सांग."

"आठवत नाही आता. रांजणानं गिळलं ते गेलं, महाराज. ते तेव्हाच ऐकायचं होतं."

राजानं चुलीत लाकूड सरकवलं. राणीनं काढ्यात मनगट बुडवून पाहिलं.

"कोमट झालाय," ती म्हणाली. "उठा. वाटी घ्या, आणि कुणाकडे तरी जाऊन या. आल्यावर सांगते, आजचं."

राजा वाटी घेऊन उतरला. साळ्याचं दार बंद होतं. उंबऱ्याबाहेर उभं राहून त्यानं हाक मारली, तशी आतली चाललेली बडबड थांबली आणि कुणीतरी विचारलं, "कोण आहे?"

राजानं नुसतं आपलं नाव सांगितलं.

गोष्ट गाळून झाली. चोथा गुरांना, रस तुम्हाला.