चारी कोपरे

खारेवळणात टपाल वाटण्याची रीत वेगळी आहे. पोस्टमन घरापुढच्या खळ्यात येऊन उभा राहतो, पिशवीतून पत्र काढतो आणि नाव घेण्याआधी त्याच्या चारी कोपऱ्यांवरून अंगठा फिरवतो. मग ओरडतो, "चारी कोपरे!" आतून "चारी!" असा जबाब आला की मगच पत्र हातात पडते. विजेचे बिल असो नाहीतर बँकेचा कागद, रीत तीच. नवा पोस्टमन बदलून आला की पहिल्या दिवशी हसतो. आठवड्याभरात तोही ओरडायला लागतो.

पाहुण्यांनी विचारले की भिवा गावकर त्यांना खळ्यात बसवून ही हकीकत सांगतात. त्यांचे पणजोबा खाडीकाठाने चालत टपाल आणायचे, म्हणून सांगण्याचा मान त्यांच्या घराकडे आहे.

मुंबईत गाठीच्या तापाची साथ आली त्या काळातली ही गोष्ट, असे सांगतात. गावात तिरोडकरांचे दोन भाऊ होते. थोरला जनार्दन, धाकटा बाबल. आईबाप पटकीत एकाच आठवड्यात गेले, तेव्हा बाबल पाच वर्षांचा होता. जनार्दनाने त्याला खांद्यावर वाढवले. पुढे जनार्दन मुंबईला गेला आणि तिथे त्याने असा धंदा काढला की गाव हसून हसून लोळले. तो वापरलेली टपालतिकिटे विकायचा. "आज उष्टी तिकिटा इकता, उद्या उष्टी पत्रावळ इकतलो," असे लोक म्हणत. पण गिरगावातल्या त्याच्या एवढ्याशा दुकानात साहेबलोक जोडे काढून बसत, म्हणे. आपल्या लोकांत हा धंदा करणारा तो पहिलाच. तो 'तिकीटबोध' नावाचे मासिकही छापायचा. तिकीट उजेडासमोर कसे धरावे, कागदातली पाण्याची खूण कशी ओळखावी, कुठल्या संस्थानाचे तिकीट कुठल्या शाईत निघाले, हे सगळे त्यात साध्या मराठीत असे.

खारेवळणातली निम्मी माणसे तेव्हा जहाजांवर असत. कराची, एडन, झांजिबार, रंगून. घरोघरी परदेशी पाकिटांच्या चळती होत्या. ती तिकिटे गोळा करून दादाला धाडायची, हे बाबलचे काम. दादाने त्याला शिकवले होते की पाकीट कोमट पाण्यात ठेवावे, घाई करू नये, तिकीट आपण होऊन सुटते. पण बाबल घायकुत्या. शाळाही त्याने दुसरीतच सोडलेली. पाणी तापवा, वाट बघा, हे त्याला कुठून जमणार? आईची जुनी कातर होती, तिच्या धारेला मधोमध एक खाच पडलेली. तो पाकिटाचा कोपराच कापून घ्यायचा. कच्. झाले काम.

आता आपल्याकडे मयताची बातमी असलेल्या पत्राचा कोपरा फाडतात, हे पोरासोरांनाही ठाऊक असते. तसले पत्र उंबऱ्याच्या आत आणत नाहीत. आणि बाबल घरोघरच्या जित्या माणसांच्या पत्रांचे कोपरे कापत सुटला होता.

पहिले कार्ड आले ते द्वारकाबायच्या घरी. तिचा मुलगा कराचीला गोदीत पडून गेला. दुसरे झांजिबारहून, पलीकडच्या आळीत. तिसरे कार्ड आले तेव्हा द्वारकाबाय आपले कार्ड घेऊन बाबलच्या दारात आली.

"फाडलेलो कोपरो असो नसता रे मेल्या," ती म्हणाली. "ह्यो कापलेलो आसा. तुझी कातर हाड बघूया."

बाबलने कातर आणली. कार्डाच्या कापलेल्या कडेवर मधोमध एक बारीक दात राहिला होता. कातरीची खाच त्या दातावर बरोबर बसली.

"आये, माझी कातर कराचीक कशी जायत?" बाबल म्हणाला.

"ता तूच माका सांग," म्हातारी म्हणाली आणि निघून गेली.

त्या दिवशी बाबलने कातर वाशात खोचून ठेवली. महिनाभर तिला हात लावला नाही. मग एका मंगळवारी संध्याकाळी टपाल आले आणि त्यात दादाचे पाकीट होते. त्यावरच्या तिकिटाचा छाप तिरका पडला होता, राणीचे डोके चौकटीबाहेर घसरलेले. असले चुकीचे तिकीट म्हणजे दादाचा जीव की प्राण, हे बाबलला माहीत होते. दादाचेच तिकीट दादाला परत पाठवू, कसा खूश होईल! पत्र वाचायचे तर अक्षर अक्षर जोडत बाबलला दोन घटका लागायच्या. कापायला एक निमिष. त्याने वाशातली कातर ओढली, बंद पाकिटाचाच कोपरा कापला आणि पाण्याच्या वाडग्यात टाकला. मग निवांत बसून पत्र उघडले.

दादाने त्याच्यासाठी मोठाली अक्षरे काढली होती. "चि. बाबल यास आशीर्वाद. आजवर तिकीट सोडवून घ्या असे मी छापत आलो. चुकलो. तिकीट एकटे काही सांगत नाही. कोणी कोणाला लिहिले, कुठून निघाले, कुठे पोचले, हे अख्ख्या पाकिटावरच कळते. यापुढे कोपरा कापू नकोस. मला दोन दिवस कणकण आहे. बोटीने येतो आहे. पायी चालवणार नाही. बुधवारी सकाळी गाडी घेऊन ये. मी उतरेन तो"

पुढे कागदच नव्हता. पाकिटाबरोबर आतल्या पत्राचाही कोपरा गेला होता.

बाबलने वाडग्यात हात घातला. तिकीट सुटून वर तरंगत होते. खाली पत्राचा तुकडा होता, कोरा. पाणी निळे झाले होते.

टपालवाला रात्रीच्या मुक्कामाला खळ्यातच टेकला होता. बाबलने त्याचा दंड धरला. "बोट खंय थांबता? खयच्या बंदराक?"

"दोन्ही बंदरांक. आधी वरच्या, मगे खालच्या."

दादा नेहमी वरच्या बंदरावर उतरून पायी यायचा. बाबलने बैल जुंपले. बुधवारी सकाळी बोट वरच्या बंदराला लागली. चार माणसे उतरली, त्यात दादा नव्हता. बोटीने भोंगा दिला. ती वळत असताना कठड्याला घोंगडी पांघरलेला कुणीतरी येऊन उभा राहिला. त्याने हात वर केला आणि मग खाली रोखला, दक्षिणेकडे. पुन्हा पुन्हा. घोंगडीआड तोंड दिसत नव्हते. कुणी परका निरोप घेतोय असे बाबलला वाटले, आणि त्यानेही हात हलवला. बोट टेकाडाआड गेली, तेव्हा त्या हाताची खूण त्याला उमगली.

गाडी तिथेच टाकून तो किनाऱ्याने धावत सुटला. मधे दोन खाड्या होत्या, एक त्याने पोहून काढली. खालच्या बंदरावर पोचला तेव्हा दिवस कलला होता. धक्क्यावर मिठाच्या गोण्यांना टेकून दादा बसला होता. मांडीवर 'तिकीटबोधा'चा गठ्ठा होता. अंग गार पडले होते. तापाचा माणूस म्हणून कुणी जवळ गेले नव्हते. तो दुपारपर्यंत एकच विचारत होता म्हणे, "माझो भाव इलो काय?"

तिसऱ्या दिवशी बाबलच्या नावाने एक कार्ड आले. पाठवणाऱ्याचे नाव नाही, मजकूरही नाही. एक कोपरा कापलेला आणि कापाच्या कडेवर बारीक दात. बाबलने वाडग्यातला वाळलेला तुकडा आणून तिथे लावला. फट राहिली नाही.

त्याने कातर खाडीत फेकली. मग मुंबईला जाऊन दादाच्या मासिकाचा शेवटचा अंक काढला. एकच पान, त्यावर एकच ओळ: 'पाकीट अख्खे ठेवा.' दुकान बंद करून तो गावी आला आणि टपालवाल्याच्या मागे चालू लागला. प्रत्येक पत्र हातात घ्यायचा, कोपरे चाचपायचा, आणि जिवाच्या आकांताने ओरडायचा. मरेपर्यंत ओरडला. पुढच्यांनी तीच रीत चालवली. मयताचे पत्र असले तर पोस्टमन ओरडत नाही, नुसता उभा राहतो.

आजही खारेवळणात कुणी पाकिटावरचे तिकीट कापत नाही. आजही टपाल वाटून झाले की पोस्टमन गावाच्या टोकाला जातो. तिथे तिरोडकरांच्या घराचे नुसते जोते उरले आहे. त्या घराला पत्र नसते. तरी तो थांबतो आणि रिकाम्या जोत्याकडे तोंड करून मोठ्याने सांगतो, "खालच्या बंदराक जा, बाबल! खालच्या!"

मग तो मागे न बघता निघतो. कारण त्यानंतर पाचोळा वाजतो. कुणीतरी अनवाणी धावत किनाऱ्याकडे उतरते, असे सांगतात. परत येतानाची पावले अजून कुणी ऐकलेली नाहीत.