पुढे मी नाहीच

"पुरावा आहे म्हणतोस?"

"आहे, बुवा. आवाजासकट, चेहऱ्यासकट!"

येसूबुवा आपल्या शिष्याकडे, जयवंताकडे, भिक्षेला आले होते. आत पानं मांडून झाली होती. पण या गृहस्थाला दम कुठला! त्याने बुवांना थेट कॉम्प्युटरपुढे नेलं आणि आपल्या खुर्चीत बसवलं.

आई गावी, थोरल्या भावाकडे. जयवंताला तिला इकडे आणायचं होतं, दादा नाही म्हणत होता. व्हिडिओ कॉलवर दोघांची जुंपली, आणि या पठ्ठ्याने दादाला न सांगता सगळं रेकॉर्ड करून ठेवलं.

"उद्या भावकी बसतेय. सगळ्यांसमोर लावतो. आईलाही कळू दे, तिचा लाडका कसा बोलतो ते. मग मी जन्मात त्याचं तोंड बघणार नाही. फक्त तुमचा आशीर्वाद हवा."

"लाव."

पडद्यावर दादा लालबुंद. "मी मेलो तरी आईला तुझ्या घरी पाठवणार नाही! याद राख!"

तिथेच थांबलं.

"एवढंच?"

"कामाचं तेवढं कापून घेतलंय, बुवा."

"न कापलेलं लाव."

जयवंत जरा घुटमळला... पण लावलं. आता कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत तोही दिसू लागला. आणि काय बोलत होता! दादाच्या फाटक्या संसारावर, वहिनीच्या माहेरावर... ते इथे लिहायची मला लाज वाटते. शेवटी तो ताडकन उठला आणि चौकटीत नुसती खुर्ची उरली.

"संपलं, बुवा. मी रागात निघून गेलो. रेकॉर्डिंग आपलं उगाच चालत राहिलं."

"पुढचं बघितलंस?"

"बघायचं काय? पुढे मी नाहीच."

बुवांनी माऊस उचलून आपल्या मांडीवर ठेवला.

दादा तसाच बसून होता. मागून भिंत धरत धरत आई आली.

"गेला का रे?"

"येईल गं. कॉल चालू आहे अजून."

"मला जिना चढवत नाही, ते सांगितलंस ना त्याला?"

"कुठलं सांगतोय... त्याचा तिसरा मजला. त्याच्या जिवाला लागेल म्हणून घोळवत बसलो, आणि नको ते बोलून गेलो. जेवला तरी असेल का गं तो?"

आई डोळ्यांना पदर लावून आत गेली.

"अहो, पानं वाढलीत!" स्वयंपाकघरातून जयवंताच्या बायकोची हाक आली. कुणीच उठलं नाही.

जयवंत मटकन जमिनीवर बसला. मान वर होईना.

"बंद करा, बुवा... पाया पडतो तुमच्या. लाज वाटते मला माझी."

बुवा पडद्याकडेच बघत राहिले.

पडद्यावर दादा हलला नव्हता. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होता. मध्येच पुढे वाकायचा, हाक मारावी तसं तोंड उघडायचा, आणि पुन्हा मागे टेकायचा.

जयवंताला ते बघवेना. त्याने कॉम्प्युटरच्या बटणाकडे हात नेला.

बुवांनी त्याचं मनगट धरलं.

"थांब... तो अजून बसलाय."