अडकलेली गोळी

किल्लेदार हैबतराव कैद्यांना स्वतःच्या हाताने गोळ्या घाली. कैदी कोयाजीच्या भावाला मारून त्याने घाईघाईत बंदूक पुन्हा ठासली, पण गोळीआधी दारू घालायलाच विसरला. कोयाजीवर नेम धरला, तर बार उडेना.

“तू तोफखान्यात होतास ना? अडकलेली गोळी काढून दे, तुला सोडतो,” तो सगळ्यांदेखत म्हणाला.

शिपायांनी कोयाजीचे बांधलेले हात सोडले आणि बंदूक व दारूची पिशवी त्याच्याकडे दिली. त्याने नळीच्या बाजूच्या भोकातून चिमूटचिमूट दारू गोळीमागे सारली, जळती वात हातात घेतली आणि नळी किल्लेदाराच्या छातीला टेकवली.

“ही अशीच उडवून काढतात, सरकार.”

हैबतराव पांढराफटक पडला. “दरवाजा उघडा रे. कोयाजी, मी शब्द दिलाय. बंदूक खाली कर.”

“गडाखाली गेल्यावर करतो. गोळी आत आहे तोवरच तुमचा शब्द खरा. चला, पुढे व्हा.”