धुराड्याची नोंद

"आणि मौन? ते केव्हा शिकवणार?" मुकुल वैरागडेने विचारलं.

शेवंतामाय कूलरच्या टाकीत हात घालून तळाचा गाळ काढत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. कोरडं फडकं तेवढं मागितलं.

मुकुलने फडकं दिलं.

सातपुड्यातल्या एका उंच पठारावर मायचं घर होतं. आजारातून उठलेली माणसं तिथे येऊन राहत, चार घास खात, हिंडू-फिरू लागली की आपापल्या गावी जात. उन्हाळ्यात पठार रखरखायचं, हिवाळ्यात गवतावर दंव गोठायचं. म्हणून कोपऱ्यातल्या मोठ्या खोलीत दोन्ही सोयी होत्या. खिडकीत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर, आणि भिंतीशी लोखंडी शेगडी. शेगडीच्या पाठीमागून निघालेलं धुराडं छपरातून वर गेलेलं.

मुकुल नागपूरला एका महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवायचा. मनाविषयी त्याने एक जाडजूड पुस्तक लिहिलं होतं. स्वतःचं मन मात्र काही केल्या गप्प बसत नव्हतं. मायच्या नुसत्या सहवासाने माणूस निवतो, असं कुणीसं सांगितलं, म्हणून तो लांबची रजा टाकून आला होता.

मायने त्याच्या हाती एक वही दिली. कूलर कधी धुतला, ताट्या कधी बदलल्या, शेगडीची जाळी केव्हा बसवली, धुराडं केव्हा झाडलं, ते त्यात लिहायचं.

"एवढंच?"

"केलं की लिहायचं," माय म्हणाल्या.

मुकुलला ते लागलं. पण हाती घेतलेलं काम तो नीटच करी. जुन्या नोंदी सगळ्या एकात एक मिसळलेल्या होत्या. त्याने त्या सोडवल्या. कूलरची पानं वेगळी, शेगडीची वेगळी. कुठला भाग केव्हा बिघडला, कुणी दुरुस्त केला, पुन्हा केव्हा बघायचा, सगळं एका नजरेत दिसेल असं केलं. खालच्या गावाहून येणारा मिस्त्रीसुद्धा आता आधी वही मागू लागला.

मायने वही चाळली. "चांगली झाली," म्हणाल्या.

मुकुल थांबला. पुढे काही येईल म्हणून...

माय डाळ निवडायला बसल्या.

थंडी पडली तशी शेगडी रोज पेटू लागली. दर आठवड्याला धुराडं झाडावं लागे. शिडी लावायची, छपरावर चढायचं, लांब बांबूला बांधलेला ब्रश आत घालायचा. तोंडावर काजळी उडायची. निघायची ओंजळभर. मग खाली येऊन हात धुऊन लिहायचं, धुराडं साफ केलं. पुढच्या आठवड्यात तीच शिडी, तीच ओंजळ, तीच ओळ.

एका दुपारी उन्हात बसून त्याने पुढच्या सगळ्या हिवाळ्याच्या ओळी आधीच लिहून टाकल्या. तारखा घातल्या. अक्षर सुरेख आलं.

पुढच्या खेपेला तो शिडी चढला. त्यानंतर एकदा राहून गेलं. मग राहूनच गेलं. त्या वेळात तो डोळे मिटून बसायचा, आणि मन आपलं बडबडत राहायचं.

त्या दिवसांत कोपऱ्यातल्या खोलीत अचलपूरचे कौतिकराव होते. जन्मभर सनई वाजवलेला माणूस. न्यूमोनियाने छाती पार रिकामी करून टाकली होती. सनई उशाशी फडक्यात गुंडाळलेली असायची. ती ते बाहेर काढत नसत. पडल्या पडल्या पांघरुणावर बोटं मात्र हलवत राहत.

"कुठला राग?" मुकुलने एकदा विचारलं होतं.

"बोटांना ठाऊक," कौतिकराव म्हणाले होते. "छातीला सध्या सांगत नाही."

मग धुकं उतरलं. सकाळी अंगण दिसेना. दुपार झाली तरी दिसेना. झाडं विरघळल्यासारखी झाली. कौतिकराव कुडकुडू लागले. मुकुलने शेगडी पेटवली, दार-खिडक्या घट्ट लावल्या, आणि ऊब बरी वाटली म्हणून तिथेच भिंतीला टेकून बसला.

डोळे मिटले.

थोड्या वेळाने त्याच्या ध्यानात आलं, की मन गप्प आहे.

आधी त्याचा विश्वास बसला नाही. शब्द लांब चालले होते, पाण्यावरून पानं वाहत जावीत तसे. हात कुठे संपतो आणि जमीन कुठे सुरू होते, कळत नव्हतं. धुकं भिंतीतून आत येऊन आपल्यातून पलीकडे निघालंय, असं वाटत होतं. कपाळाच्या आत काहीतरी मंद ठणकत होतं, पण ते दुसऱ्या कुणाचं तरी होतं. पांघरुणावरची बोटं थांबलेली त्याने अर्धवट पाहिली. सगळंच थांबलंय, त्याला वाटलं. हेच ते... याचसाठी आलो होतो...

दार धाडकन उघडलं.

थंड वारा अंगावर आला. माय आत आल्या, खिडक्या उघडल्या, शेगडीवर राख लोटली. अंगणातून जाताना धुकं क्षणभर विरळ झालं, तेव्हा त्यांनी सहज वर पाहिलं होतं. आत शेगडी पेटलेली, आणि धुराड्यातून धूर निघत नव्हता.

"माय... का उघडलं?" मुकुलची जीभ जड झाली होती. राग मात्र स्पष्ट होता. "मी पोचलो होतो."

मायने त्याच्याकडे पाहिलं नाही. त्या कौतिकरावांना हलवत होत्या. कौतिकराव हलत नव्हते.

तेव्हा मुकुल उठला. उठला आणि कोसळला. पुन्हा उठला. दोघांनी पांघरुणासकट त्यांना ओढत ओसरीवर आणलं. त्यांची मान एकीकडून दुसरीकडे लोंबत गेली. मुकुल पायरीशी ओकला, आणि परत येऊन त्यांचे तळवे चोळू लागला. हाका मारू लागला. कितीतरी वेळ धुक्यात नुसतं ते नावच फिरत राहिलं.

मग कौतिकरावांनी श्वास ओढला. खरखरीत, लांब.

खालच्या गावातून डॉक्टर प्राणवायूचं सिलिंडर घेऊन आले. कोंडलेल्या विषारी वायूत आणखी थोडा उशीर झाला असता तर दोघेही गेले असते, एवढं म्हणून ते कौतिकरावांपाशी बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी मुकुल शिडी चढला. धुराड्यात ओली पानं अडकली होती आणि त्यांवर काजळी थराथराने घट्ट बसली होती. ब्रश आत जाईना. त्याने बाही सारून हात घातला. कोपरापर्यंत काळा झाला. खरवडत राहिला, पानं ओढत राहिला. मग खाली येऊन शेगडीमागचा धुराड्याचा नळ सोडवला, त्यात वाकून वर बघितलं.

नळाच्या टोकाला आभाळाचा एक गोल तुकडा दिसला.

तो वही घेऊन बसला. आजची तारीख काढली.

ओळ तिथे होतीच. धुराडं साफ केलं. त्याचंच सुरेख अक्षर.

तिच्या वर तीच ओळ. तिच्याही वर तीच.

तो कितीतरी वेळ त्या पानाकडे बघत बसला. माय कधी शेजारी येऊन बसल्या, त्याला कळलं नाही.

"फाडून टाकू?"

मायने मान हलवली. नाही.

"मग आज केलेलं कुठे लिहू? जागाच नाही ठेवलेली."

मायने त्याचा काजळीने भरलेला हात उचलला आणि त्या ओळीवर ठेवला. थोडा दाबला. अक्षर पंज्याखाली दिसेनासं झालं.

आतून कौतिकराव खोकले. डॉक्टरांनी काहीतरी विचारलं, आणि कौतिकराव हळू आवाजात हसले.

मुकुलचे डोळे भरून आले. शेवटी राहवलं नाही, तेव्हा म्हणाला, "माय, एक विचारू? त्या खोलीत मन गप्प झालं होतं. इतकं कधीच झालं नव्हतं. ते... ते काय होतं?"

माय अंगणाकडे बघत राहिल्या. ऊन उतरत होतं. पठारावर गारठा चढू लागला होता.

"शेगडी पेटव," त्या म्हणाल्या. "आणि आज कौतिकरावांच्या खोलीत तूच झोप."